पुरुषांच्या आरोग्यासाठी देणग्या गोळा करायच्यात? पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

देणगी मागायला गेल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती पहिल्यांदा या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाला असते. खरं तर लोक फारसं काही म्हणत नाहीत. देणारे देतात, न देणारे 'बघतो' म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. पुरुषांच्या आरोग्याच्या मोहिमेत पंचाईत होते ती वेगळ्या ठिकाणी. तुम्ही प्रोस्टेट कॅन्सरच्या नावाने देणगी मागता आणि समोरचे गृहस्थ जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, "मला रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. हे त्यातलंच का हो?"

या प्रश्नाची तयारी नसेल तर गोळा झालेली रक्कम कितीही मोठी असली तरी निम्मं काम राहिलं असं मी धरतो. कारण देणगी हे बऱ्याच पुरुषांसाठी तोंड उघडण्याचं निमित्त असतं. सरळ डॉक्टरकडे जाऊन जे विचारणार नाहीत ते देणगीच्या निमित्ताने विचारतात. म्हणून खाली पैसे कसे मागायचे हे सांगितलंय तसंच काय बोलायचं आणि कुठे थांबायचं हेही सांगितलंय.

१. पैसे कशासाठी, हे आधी एका वाक्यात लिहा

'पुरुषांच्या आरोग्यासाठी मदत करा' असं म्हटल्यावर कुणी खिशात हात घालत नाही. विषय फार पसरट आहे. जगभरच्या मोहिमा साधारण तीन गोष्टींभोवती फिरतात: प्रोस्टेटचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर आणि पुरुषांचं मानसिक आरोग्य, त्यातही आत्महत्या. यातली एक निवडा, आणि निवडताना आपल्याभोवती कोण माणसं आहेत ते बघा. प्रोस्टेटचा कॅन्सर मुख्यतः पन्नाशीनंतरचा आजार. वृषणाचा कॅन्सर नेमका उलटा, पंधरा ते चाळीस या वयातल्यांना जास्त गाठणारा. तुमची ओळखपाळख कॉलेजच्या मुलांत असेल आणि तुम्ही त्यांना प्रोस्टेटवर व्याख्यान देत बसलात तर ती मुलं टाळ्या वाजवतील आणि विसरून जातील.

मग संस्था. इथे घाई नको. संस्था रीतसर नोंदणीकृत आहे का, तिचे वार्षिक हिशेब कुणालाही बघता येतात का, आणि आलेला पैसा संशोधनात जातो, रुग्णांच्या मदतीत जातो की जनजागृतीत, एवढं तरी पाहा. तिन्ही कामं चांगलीच आहेत, पण देणगीदार विचारतोच आणि त्याला गोलमाल उत्तर चालत नाही. संस्थेला आधी लिहून कळवा की मी तुमच्यासाठी निधी गोळा करणार आहे. बहुतेक संस्था त्यावर परवानगीचं पत्र, बोधचिन्ह कसं वापरायचं त्याचे नियम आणि देणगीची लिंक देतात. ते पत्र फोनमध्ये जपून ठेवा. सार्वजनिक जागी पैसे मागायला अनेक देशांत वेगळा परवाना लागतो, त्याची चौकशीही याच वेळी करून टाका.

आता ते एक वाक्य लिहा. 'मी अमुक संस्थेसाठी, प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना उपचारकाळात मदत मिळावी म्हणून, महिनाभर देणग्या गोळा करतोय.' एवढं झालं तरी पुष्कळ.

२. पाच-सहा गोष्टी पक्क्या पाठ करा

या टप्प्यावर स्वयंसेवक सर्वात जास्त टंगळमंगळ करतात, आणि आरोग्याच्या कामात चुकीचं वाक्य फुकट जात नाही. कुणीतरी ते खरं धरून चालतं. डॉक्टर व्हायची गरज नाही. पण पुढच्या गोष्टी न अडखळता सांगता आल्या पाहिजेत.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या मधून मूत्रमार्ग जातो. वय वाढलं की ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत थोडीफार वाढते, मूत्रमार्गावर दाब येतो, लघवीची धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. हा कॅन्सर नव्हे. कॅन्सर मात्र बऱ्याचदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून लांब सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला बहुधा कसलाच त्रास होत नाही. म्हणजे 'रात्री वारंवार लघवीला होते? सावधान, कॅन्सर!' असं पोस्टर दोन्ही बाजूंनी दिशाभूल करतं. ज्याला त्रास आहे तो उगाच घाबरतो, आणि ज्याला काहीच त्रास नाही तो उगाच निर्धास्त होतो. असली पोस्टरं जागोजागी दिसतात. तुमचं तसं नको.

धोका कुणाला जास्त? वय पन्नाशीपुढे गेलेल्यांना, आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना, आणि ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा आजार झालाय त्यांना. वडील किंवा भाऊ असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. आई-बहिणीकडे स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर तोही डॉक्टरांना सांगायचा असतो, कारण बीआरसीए-२ या जनुकातला दोष स्त्री-पुरुष दोघांतही चालत येतो आणि पुरुषात तो प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. या एका मुद्द्यामुळे घरातल्या बायका संभाषणात येतात, आणि घरच्या आजारांचा इतिहास बहुधा त्यांनाच तोंडपाठ असतो.

पीएसए ही रक्ताची तपासणी. प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण तिच्यात मोजतात. ते वाढलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. ग्रंथी नुसती वाढलेली असली, लघवीचा जंतुसंसर्ग झाला, आदल्या एक-दोन दिवसांत वीर्यस्खलन झालं किंवा जोरदार सायकलिंग केलं तरी आकडा चढतो. उलट, कॅन्सर असूनही आकडा साधा येऊ शकतो. म्हणून 'प्रत्येक पुरुषाने पीएसए केलीच पाहिजे' असं बोलू नका. अनेक देशांत तज्ज्ञांचा सल्ला असा असतो की फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०१८ मध्ये ५५ ते ६९ या वयासाठी हेच सांगितलं आणि सत्तरीपुढे सरसकट तपासणी करू नये असं म्हटलं. तपासणीने काही जीव वाचतात हे खरं. ज्या संथ कॅन्सरने आयुष्यभर काही केलं नसतं तो सापडून माणूस शस्त्रक्रियेपर्यंत जातो आणि लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता गमावतो, हेही तितकंच खरं. या दोन्ही बाजू एका दमात सांगता येत नसतील तर 'वय पन्नाशीपुढे असेल, किंवा घरात कुणाला झाला असेल आणि पंचेचाळिशी आली असेल, तर डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोला' एवढंच सांगा. पुरे.

(सायकल रॅली काढायची आणि शेवटच्या टप्प्यावर मोफत पीएसए तपासणीचा तंबू ठोकायचा, ही कल्पना दर वर्षी कुणाला ना कुणाला सुचते. वर वाचलंत ना? मग कुणाला सुचलीच तर हळूच समजावून सांगा.)

वृषणाच्या कॅन्सरचं उलट आहे. इथे सांगण्यासारखी बातमी चांगली आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लाटिन हे औषध इतर औषधांसोबत वापरलं आणि तोवर तरण्याताठ्या मुलांना घेऊन जाणारा पसरलेला आजारही बरा होऊ लागला. आज वेळेत उपचार झाले तर शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. लक्षण म्हणजे बहुधा न दुखणारी गाठ, कधी एका बाजूला जडपणा किंवा आकारात फरक. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर त्वचा सैल असते, तेव्हा अंगठा आणि बोटांमध्ये धरून हलकेच फिरवून बघायचं. एक बाजू किंचित खाली असणं आणि मागे मऊ नळीसारखं काही लागणं हे नेहमीचं, त्याने दचकायचं कारण नाही. दर महिन्याला अमुक तारखेला तपासा असा दंडक घालू नका, त्याने मृत्यू कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही. आपलं नेहमीचं कसं असतं ते माहीत असू दे आणि बदल वाटला तर लाज न धरता डॉक्टरकडे जा, हा निरोप पुरेसा आहे. लहानपणी वृषण खाली न उतरलेल्यांनी जरा जास्त जागरूक राहावं, एवढी भर घाला.

मानसिक आरोग्याबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सात लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात आणि पुरुषांमधलं प्रमाण बायकांच्या दुपटीहून अधिक आहे. यावर बोलताना पद्धतीचं वर्णन, ठिकाण, चिठ्ठीतला मजकूर यातलं काहीही सांगायचं नाही. कुणी खोदून विचारलं तरी.

३. निमित्त असं निवडा की लोकांनीच तुम्हाला विचारावं

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात दोन मित्रांनी गंमत म्हणून मिशा वाढवायचं ठरवलं आणि तीस जणांना तयार केलं. पुढच्या वर्षी त्याला प्रोस्टेट कॅन्सरच्या निधीची जोड मिळाली आणि 'मोव्हेंबर' उभं राहिलं. १ नोव्हेंबरला तुळतुळीत दाढी करायची, महिनाभर फक्त मिशी वाढवायची, बस. ही कल्पना इतकी चालली यामागे कारण आहे. मिशी चेहऱ्यावर असते. ती लपवता येत नाही, ती रोज थोडी बदलते, आणि नेहमी गुळगुळीत दिसणारा माणूस दहाव्या दिवशी इतका विचित्र दिसतो की सहकारी आपणहून विचारतात, "हे काय रे?" तुम्हाला विषय काढावाच लागत नाही.

तुमचं निमित्त मिशीच असायला हवं असं नाही. ज्याला मुळातच भरघोस मिशी आहे त्याने ती ठेवून काय विशेष? त्याने उतरवावी, लोक दुप्पट विचारतील. पण या कसोट्या लावून बघा: ते दिसतं का, काही दिवस टिकतं का, आणि 'का करतोयस?' याचं उत्तर एका श्वासात देता येतं का. मोव्हेंबरमध्येच महिन्याभरात ६० किलोमीटर चालण्या-धावण्याचा एक प्रकार आहे. जगात दर तासाला साठ पुरुष आत्महत्येने जातात, त्यांच्यासाठी साठ किलोमीटर. आकडा आणि कारण एकमेकांत गुंतलेत, म्हणून तो लक्षात राहतो. रोज सरासरी दोन किलोमीटर पडतात, म्हणजे साठीतल्या माणसालाही झेपेल. याउलट एका संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम ठेवला तर तिकिटं विकण्यातच जीव जातो, सभागृहाचं भाडं जातं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला कॅन्सर आठवत नाही. पहिल्या वर्षी कार्यक्रम टाळा.

बायकांनी यात पडू नये असं काही नाही, उलट पडावंच. नवऱ्याला, वडिलांना, भावाला तपासणीला नेणारी बहुधा बाईच असते, आणि तिने मागितलेली देणगी नाकारणं पुरुषांना जड जातं. हे निरीक्षण आहे, तक्रार नाही.

प्रायोजक घ्यायचा असेल तर बघून घ्या. जगात पुरुषांना सर्वात जास्त होणारा आणि सर्वात जास्त मारणारा कॅन्सर फुप्फुसाचा आहे. तंबाखूवाल्या कंपनीच्या पैशाने पुरुषांच्या आरोग्याचा फलक लावला तर लोक हसतील आणि बरोबरच हसतील. एखाद्या मोठ्या नावावर सगळी मोहीम टांगण्याचाही मोह टाळा. अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये वृषणाचा कॅन्सर झाला होता, तो फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पसरला होता, आणि तो त्यातून बरा झाला. २००४ मध्ये त्याच्या कॅन्सरग्रस्तांसाठीच्या संस्थेचे पिवळे मनगटपट्टे निघाले, एक डॉलरला एक, आणि कोट्यवधी खपले. २०१२ मध्ये उत्तेजकांचं प्रकरण बाहेर आलं, किताब गेले आणि त्याला संस्थेतून बाजूला व्हावं लागलं. आजाराबद्दलची माहिती तेव्हाही खरीच होती, पण पट्टा घालून फिरणाऱ्यांना त्याबद्दल सफाई देत बसावं लागलं.

४. देणगीचं पेज आणि पहिला आकडा

पेजवर तुमचा फोटो हवा, संस्थेच्या बोधचिन्हाआड लपू नका. मजकूर तीन-चार वाक्यांचा: कोण, काय करतोय, कुणासाठी, आणि घरातला कुणी या आजारातून गेला असेल तर त्याची परवानगी घेऊन दोन ओळी. परवानगी हा शब्द गंभीरपणे घ्या. काकांच्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेची हकिगत तुम्हाला हृदयस्पर्शी वाटेल, पण ऑफिसातल्या लोकांनी ती वाचावी असं काकांना वाटेलच असं नाही.

लक्ष्य असं ठेवा की पंधरा-वीस ओळखीच्या माणसांनी बऱ्यापैकी दिलं तर पूर्ण व्हावं. पूर्ण झालं तर वाढवता येतं. आणि पहिली देणगी तुमची स्वतःची. रिकामं पेज बघून कुणालाच पहिलं व्हायचं नसतं, शिवाय मागून येणारा माणूस आधीचे आकडे बघून आपला आकडा ठरवतो. म्हणून सढळ हाताने देणाऱ्या दोन-तीन जवळच्यांना आधी फोन करा, त्यांची देणगी पेजवर दिसू द्या आणि मगच लिंक बाहेर पाठवा.

५. मागणं

सगळी गंमत इथे आहे. नवीन माणूस काय करतो? सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज टाकतो: 'मित्रांनो, पुरुषांच्या आरोग्यासाठी मी एक छोटासा प्रयत्न करत आहे, कृपया सढळ हस्ते मदत करावी.' खाली लिंक. त्यावर दहा अंगठे येतात, चार हात जोडलेले येतात आणि देणगी एखादीच येते. कारण तो मेसेज सगळ्यांना असतो, म्हणजे कुणालाच नसतो.

एकेकाला वेगळा मेसेज करा. असा काहीतरी:

'सुधीरदादा, मी या महिन्यात ६० किलोमीटर चालतोय, आज ९ झाले. पुरुषांमधल्या आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेसाठी निधी गोळा करतोय. आपण त्या दिवशी बोललो होतो, म्हणून तुला पहिल्यांदा विचारतोय. जमेल तेवढं दे, आणि नाही जमलं तरी काही नाही. लिंक खाली आहे, दोन मिनिटांचं काम आहे.'

बघा, यात नाव आहे, आजचा आकडा आहे, त्यालाच का विचारलं ते आहे आणि 'नाही' म्हणायला वाटही आहे. वाट ठेवली की माणूस अवघडत नाही, आणि न अवघडलेला माणूस जास्त देतो. रक्कम सुचवायची असेल तर कामाशी बांधा: प्रत्येक किलोमीटरमागे इतके, म्हणजे साठचे एवढे. कॅनडातल्या टेरी फॉक्सने १९८० मध्ये, कॅन्सरने एक पाय गेल्यावर, कृत्रिम पायावर देश ओलांडायला धाव सुरू केली. पुढे त्याची मागणी ठरली ती अशी: प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर. त्याला १४३ दिवसांनी, ५,३७३ किलोमीटरवर थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. पण फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त जमले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येएवढे. मागणी इतकी साधी होती की लहान मुलालाही ती कळत होती.

आठवण करून द्यायला लाजू नका. 'देतो' म्हणणारे बहुतेक विसरलेले असतात, टाळत नसतात. आठवड्याने एक आठवण, शेवटच्या दोन-तीन दिवसांत दुसरी, आणि त्यानंतर गप्प. तिसऱ्या आठवणीला देणगी आली तरी मैत्रीतून वजा होते. पगार झाल्यावरचा आठवडा सोडू नका. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांनी दिलं तेवढीच भर कंपनी घालते अशी सोय आहे का, ते मनुष्यबळ विभागात विचारा. असते पुष्कळ ठिकाणी, कुणी मागतच नाही. वरिष्ठांनी मात्र हाताखालच्यांकडे व्यक्तिशः मागू नये. ती देणगी राहत नाही, वसुली होते.

देणगी आली की त्याच दिवशी आभार, नाव घेऊन. रकमेचा उल्लेख चारचौघांत करू नका.

६. रोकड आणि हिशेब

शक्य तितके पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या खात्यात आले की तुम्ही कितीही सरळ असलात तरी प्रश्न येतातच. दानपेटी ठेवायची असेल तर ती बंद, मोहोर लावलेली असावी, तिच्यावर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक असावा, आणि उघडताना दोघांनी एकत्र मोजून दोघांनी सही करावी. एकट्याने मोजू नका, घरीसुद्धा नाही. टी-शर्ट, छपाई असा खर्च निधीतून करणार असाल तर आधीच जाहीर करा. त्याहून बरं म्हणजे तो खर्च वेगळ्या माणसाकडून मागा, एखाद्या ओळखीच्या छापखानावाल्याला पैशांपेक्षा छपाई देणं सोपं जातं. करसवलतीची पावती संस्थेकडूनच मिळते, तुम्ही आपल्या तोंडाने सवलतीचं आश्वासन देऊ नका.

७. समोरचा बोलायला लागला की

आता सुरुवातीचे ते गृहस्थ. रात्री चार वेळा उठतात. त्यांना 'काही नाही हो, वयाचं आहे' म्हणायचं नाही आणि 'लगेच तपासा, कॅन्सर असू शकतो' असंही म्हणायचं नाही. दोन्ही निदानंच झाली, आणि निदान हे आपलं काम नाही. म्हणायचं ते असं: "या वयात हे पुष्कळ जणांना होतं आणि बहुतेकदा कारण साधं असतं. पण उपचाराने बरं वाटू शकतं, मग त्रास कशाला काढायचा? या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा." लघवीत रक्त दिसलं असं कुणी सांगितलं तर मात्र आठवड्याची भाषा नको, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा म्हणा. एकदाच दिसून थांबलं असलं तरीही.

पुरुष लक्षण सांगताना बऱ्याचदा ते दुसऱ्याच्या नावावर खपवतात. 'आमच्या एका मित्राला गाठ लागली म्हणे.' मित्र कोण हे उकरून काढू नका. 'मित्राला सांगा, डॉक्टर हाताने बघतील, बहुधा सोनोग्राफी सांगतील, दुखत नाही त्यात, पण वाट बघत बसू नको म्हणावं.' निरोप पोचायचा तिथे पोचतो.

काही वेळा देणगी देणारा माणूस सांगतो की माझे वडील याच आजाराने गेले. इथे स्वयंसेवकाच्या तोंडून हमखास निघणारं वाक्य म्हणजे 'वेळेत कळलं असतं तर...' ते गिळा. त्याने तो विचार हजार वेळा केलेला आहे. वडिलांचं नाव विचारा, ते काय करायचे विचारा. त्याला बोलायचं असेल तेवढं बोलू द्या, आणि घोषवाक्य छापलेला कागद त्या वेळी हातात कोंबू नका.

आणि एखादा म्हणतो, 'आता कशातच राम राहिला नाही.' हे ऐकून हसण्यावारी नेणं सर्वात सोपं असतं. नेऊ नका. बाजूला घ्या आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच्या जवळच्या माणसाला त्याच्याच संमतीने बोलवायचं, आणि मदतवाहिनीचा नंबर तिथल्या तिथे लावून द्यायचा. धोका आत्ताचा, या क्षणाचा वाटत असेल तर संमतीची वाट न बघता आपत्कालीन सेवेला फोन करायचा. म्हणून मोहीम सुरू करायच्या आधीच आपल्या भागातल्या मदतवाहिनीचा नंबर स्वतः लावून बघा: चालू आहे का, कोणत्या वेळेत चालू असतो, कोणत्या भाषेत बोलतात. बंद पडलेला नंबर छापलेली पत्रकं मी पाहिली आहेत.

या सगळ्यात ऐकलेलं तुमच्यापाशीच राहायला हवं. 'आज एका माणसाने मला सांगितलं...' अशी पोस्ट टाकायचा मोह होतो. नाव नसलं तरी तो माणूस स्वतःला ओळखतो.

तुमच्या स्वतःच्या मनावरही याचा भार पडतो. दोन-तीन जण मिळून काम करत असाल तर दिवसाअखेरी एकमेकांशी बोला.

८. महिना संपल्यावर

देणगीचं पेज लगेच बंद करू नका, शेवटच्या तारखेनंतरही दोन-चार उशिराची मंडळी येतातच. रोकड असेल तर आठवड्याच्या आत भरा, भरल्याची पावती आणि एकूण आकडा सगळ्या देणगीदारांना पाठवा. ज्यांनी दिलं नाही त्यांना हा मेसेज पाठवू नका, तो टोमणा वाटतो. काही महिन्यांनी संस्थेकडून पैसा कुठे लागला त्याची माहिती मागवा आणि ती पुढे पाठवा. बहुतेक स्वयंसेवक इथे ढिले पडतात. पुढच्या वर्षी त्याच लोकांकडे जायचं असेल तर ही माहिती पोचलेली असणं सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

एक वही ठेवा, किंवा फोनमध्ये एक फाइल. कोणत्या मेसेजला उत्तरं आली, कोणत्या दिवशी देणग्या जास्त पडल्या, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. तो शेवटचा रकाना घेऊन एकदा ओळखीच्या डॉक्टरांकडे अर्धा तास बसा. देणगीदारांची नावं, नंबर मात्र त्या वहीत ठेवू नका, आणि दुसऱ्या कुठल्या मोहिमेला ते देऊ तर मुळीच नका. पुढच्या वर्षी नवीन माणूस आला की वही त्याच्या हातात द्या आणि पहिले दोन फोन त्याला तुमच्या शेजारी बसून करू द्या.